पत्त्यात तळे आहे, कॅमेऱ्यात नाही

प्रति,
माननीय तपासणी तंत्रज्ञ,
वॉरंटी विभाग
(कंपनीचे नाव लिहीत नाही, आपण स्वतःला ओळखालच.)

विषय : कोरड्या कॅमेऱ्यात पाणी शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

महोदय,

आपला अहवाल मिळाला. ‘अंतर्गत भागास द्रवाचा संपर्क. वॉरंटी लागू नाही.’ वाचून मी थक्क झालो. आमच्याकडे बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून रानभर हिंडतो, आणि तरीही तीनशे फुटांवर धूळच निघते. आपण मात्र मुंबईत, वातानुकूलित खोलीत, टेबलावरून न उठता पाणी लावलेत. मार्च संपता संपता पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. आपली बदली इकडे करून घ्याल, तर फार उपकार होतील.

फक्त एक शंका आहे. कॅमेरा घेतला दिवाळीत, बंद पडला २० मार्चला. मधल्या काळात महाडात अवकाळीची सरसुद्धा आली नाही. पडले असेल ते दव, आणि दवात मी फोटो काढत नाही, कारण त्या वेळी गिऱ्हाईक झोपलेले असते. मग हे पाणी आले कुठून? बराच विचार केल्यावर मला एकच उत्तर सापडले. आपल्या फॉर्मवर मी पत्ता लिहिला होता : ‘चवदार तळ्याजवळ, महाड, जि. रायगड’. पत्त्यात तळे दिसल्यावर आपल्याला कॅमेरा उघडण्याची गरजच वाटली नसावी. पुढच्या खेपेला ‘बाजारपेठेजवळ’ असे लिहीन. पण २०२१ च्या जुलैत बाजारपेठेतही पाणी शिरले होते, तेव्हा तेही आपल्याला चालायचे नाही.

पुरावा म्हणून आपण आतल्या भागाचा एक फोटो जोडला आहे. धंदाच हा असल्यामुळे सांगतो, तो हललेला आहे. त्यातला पांढरा ठिपका पाण्याचा, बुरशीचा की आपल्याच ट्यूबलाइटचा, हे ओळखता येत नाही. कॅमेरा टेकवून धरावा आणि श्वास रोखून बटण दाबावे. सल्ला मोफत आहे, वॉरंटीबाहेरचा असूनही.

२० मार्च म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक नसेल तर सांगतो. तो चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. त्या दिवशी विदर्भ-मराठवाड्यापासून माणसे इथे येतात. तळ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा पुतळा आहे. तो मागे धरून घरच्या सगळ्यांनी उभे राहायचे, आणि फोटो मोबाइलमध्ये नव्हे, हातात हवा, भिंतीवर लावायला. माझा छोटा प्रिंटर त्याच्यासाठीच असतो. भर दुपारी, पांढऱ्या लुगड्यातल्या एका आजींना ‘जरा हनुवटी वर’ म्हणतो न म्हणतो तोच पडद्यावर आपल्या कंपनीचा संदेश उमटला : बंद करून पुन्हा चालू करा. केले. पुन्हा केले. आजी हनुवटी वर करून उभ्याच. गंमत म्हणजे पाचच दिवस आधी, १५ मार्चच्या जागतिक ग्राहक हक्क दिनानिमित्त, आपल्याकडूनच मला शुभेच्छा आल्या होत्या. त्यात आपले हक्क जाणून घेण्याचा आग्रह होता. आपला आग्रह मोडवला नाही, म्हणून जाणून घेतले.

पहिल्यांदा पुस्तिका वाचली. ‘वापरण्याजोगी आर्द्रता : ८५ टक्के किंवा कमी’ असे त्यात बारीक अक्षरांत आहे. आपणच नव्हे, बऱ्याच कंपन्या हेच छापतात. आता कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि मृगापासून पुढे हवेतच पोहता येईल अशी स्थिती असते. म्हणजे वॉरंटी छापली बारा महिन्यांची, पण इथे ती आठमाही. आठमाही पाणीवाटप ऐकले होते, आठमाही वॉरंटी आत्ता समजली. हे दुकानदाराने विकताना सांगितले असते, तर मी तिसरा हिस्सा किंमत कापून दिली असती.

दमट हवा हा गिऱ्हाइकाचा गुन्हा आहे, हा सिद्धांत मात्र मला पटलेला नाही. आपल्याच धंद्यातला दाखला घ्या. २००५ च्या ऑक्टोबरात असे उघड झाले की सोनीने बनवलेल्या काही सेन्सरमधली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटते. मग चित्र विस्कटते, जांभळे पडते किंवा येतच नाही. ते सेन्सर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत बसले होते. त्यांनी काय केले? वॉरंटी संपलेले कॅमेरेही फुकट दुरुस्त करून दिले. हवा दमट असते हे त्यांना मान्य झाले. माल त्या हवेत टिकत नाही, हा दोष त्यांनी मालाचा धरला. आपण तो माझ्या गावाचा धरता.

अहवालाच्या तळाशी आपण दुसराही खिळा ठोकून ठेवला आहे : ‘व्यावसायिक वापर’. म्हणजे पाणी कुणी नाकारलेच, तर पोट भरण्याचा आरोप हाताशी असावा. पण पोटासाठी, स्वतःच्या मेहनतीने चालवलेला धंदा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी वापरात धरत नाही. शिवाय कॅमेरा आपल्या कपाटात पडून राहिला, ते दिवसही माझ्याच बारा महिन्यांतून वजा होत आहेत. वरून ‘साफसफाई व मेनबोर्ड’ यासाठी नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त रकमेचा अंदाज!

साफसफाईवरून आठवले. पाण्याला कुणाचा स्पर्श झाला याची चौकशी करणारी माणसे या गावाने पूर्वी पाहिली आहेत. १९२७ मध्ये अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, म्हणून इथल्या सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. त्या लढ्याशी माझ्या कॅमेऱ्याची तुलना करण्याइतका मी करंटा नाही. तो माणूसपणाचा प्रश्न होता, हा एका यंत्राचा आहे. पण तळ्याकाठी धंदा करणाऱ्याला एक गोष्ट आपसूक पाठ होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले, आणि कागद तसाच राहिला. तो खरा करायला १९२७ मध्ये माणसांना पायऱ्या उतराव्या लागल्या. नंतर तळे खासगी असल्याचा दावा झाला, तो मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. तेव्हा, शिक्का मारलेला कागद दाखवून इथल्या माणसाला परत पाठवता येईल, असे आपल्याला कुणी सांगितले?

आता व्यवहाराचे. जुन्या कायद्यात मला कदाचित आपल्या कचेरीच्या गावी खेटे घालावे लागले असते. नव्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आमचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. मालातला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवतो. तेव्हा पाणी शोधण्याचे काम आपल्याकडून जाईल, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘आम्ही फक्त विकतो’ असे म्हणणारे दुकानदारही आपल्या शेजारच्या खुर्चीवर असतील, म्हणजे आपल्याला एकटेपणा वाटणार नाही.

इतके नको असेल तर कॅमेरा फुकट दुरुस्त करून द्या, किंवा बदलून द्या, आणि कपाटातले दिवस वॉरंटीत परत घाला. २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, इथे पुन्हा गर्दी होते. त्याआधी तो माझ्या हातात हवा.

आपला,
चवदार तळ्याजवळचा एक फोटोग्राफर

ता. क. : जॉबशीटवर ‘पट्ट्यासह’ असे स्पष्ट लिहिले आहे. अहवाल आला, अंदाजपत्रक आले. पट्ट्याबद्दल कुठेच काही नाही. त्यातही पाणी सापडले असल्यास तसे कळवावे.