सटवाईदेवीस एका निवृत्त कारकुनाचे खुले पत्र

श्रीमती सटवाईदेवी,
लेखाधिकारी, ललाटलेख खाते,
मुक्काम : प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी, यांचे सेवेशी.

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण आणि मी तसे एकाच पेशातले. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत तीस वर्षे लेखणी झिजवून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आपली नेमणूक कोणत्या साली झाली आणि निवृत्तीचे वय काय, याचा दाखला मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पाचवीच्या रात्री घरोघर पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद व लेखणी ठेवून आणि दिवा विझणार नाही याची खबरदारी घेऊन आम्ही आपली वाट पाहतो. आणि आपण कोणाच्या दृष्टीस न पडता येऊन, वीतभरही नसलेल्या कपाळावर साऱ्या जन्माचा मजकूर उतरवून, पोच न घेता निघून जाता. सकाळी कागद कोराच आढळतो, याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या कचेरीतही पुष्कळ महत्त्वाचे हुकूम असेच कागदावर न येता सुटत.

तक्रार आहे ती आपल्या नमुन्याविषयी. बाळाचे आयुष्य, विद्या, धन, विवाह असे सर्व रकाने त्यात आहेत; परंतु त्याच खोलीत, त्याच बाजेवर, पाच दिवसांपूर्वी यमाच्या दारातून परत आलेली जी एक स्त्री निजलेली असते, तिच्यासाठी एकही रकाना नाही. तिच्या वाट्याला पुढच्या चाळीस दिवसांत किती झोप, कोणाच्या हातचे किती गरम अन्न आणि कोणाचा किती आधार येणार, हे लिहिण्याचे आपण कधी मनावर घेतल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच बहुधा ‘पाचवीला पुजणे’ हा शब्दप्रयोग आमच्या भाषेत सुखासाठी कोणी वापरत नाही.

सातव्या महिन्यात माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, आणि माहेर नावाची संस्था चालते कशावर, याचा शोध मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी लागला. ही संस्था कोणत्याही निबंधकाकडे नोंदलेली नाही. तिचा जमाखर्च कोणी तपासलेला नाही. तपासला असता तर खर्चाच्या बाजूस पानोपानी एकाच बाईचे नाव आढळले असते. या मुलीच्या जन्माच्या वेळी माझ्या सासूबाई चारच्या ठोक्याला उठून बंब पेटवीत, मायलेकींचे अंग चोळीत, न्हाऊ घालीत, शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून शेक देत, सौ.चे पोट जुन्या लुगड्याने आवळून बांधीत, अळीव आणि डिंक यांच्या लाडवांचे डबे भरीत, दुपटी धूत, आणि रात्री मूल रडले की सर्वांच्या आधी उठत. त्या प्रसंगी मी पेढे वाटले आणि जन्माची नोंद करून आणली. दोन्ही कामे चोख झाली होती.

आता सासूबाई नाहीत. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. तिला पाटावर बसून नात किंवा नातू पायांवर घेणे शक्य नाही. विहीणबाई स्वतः नोकरीत आहेत, आणि जावई पुण्यास पाळीच्या कामावर. तेव्हा जी सेवा एका वृद्धेने बिनपगारी व बिनरजा बजावली, तिची बाजारातली किंमत विचारावी म्हणून मी एका शहरी संस्थेस दूरध्वनी केला. पलीकडच्या मृदुभाषी मुलीने मला त्या सेवेचे पाच तुकडे करून दाखवले : मालिश निराळे, आंघोळ निराळी, पथ्याचा स्वयंपाक निराळा, रात्रीची दाई निराळी, आणि स्तनपान नीट जमावे म्हणून मार्गदर्शन करणारी बाई निराळी. सर्वांचे मिळून ‘पॅकेज’ घेतल्यास सवलत होती. सवलत वजा जाता जी रक्कम उरली, ती माझ्या मासिक निवृत्तिवेतनापेक्षा मोठी निघाली. सासूबाईंना आम्ही बारशाला एक इरकल लुगडे घेतले होते, आणि ते सुद्धा त्यांनी ‘एवढे कशाला’ म्हणून दोन वेळा परत केले होते.

सरकारदरबारी काही तजवीज आहे काय, हे पाहणे माझ्यासारख्यास अवघड नव्हते. सरकारी इस्पितळात प्रसूती, शस्त्रक्रिया लागली तर तीही, औषधे आणि तपासण्या मोफत. साध्या बाळंतपणास तीन दिवस व शस्त्रक्रियेच्या बाळंतपणास सात दिवस भोजन मोफत. घरी पोचवण्यास वाहनही मोफत. हा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, आणि त्याची थट्टा करण्याची मला इच्छा नाही. राज्य सरकारने 2019 साली पहिलटकरणींसाठी शिशु-साहित्याची पेटी देण्याचे ठरवले, तोही आपल्या परीने सरकारी बाळंतविडाच. पण वाहन दारात सोडून निघून गेले, की पुढे? पुढे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पात्र असल्यास पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये : तीन हजार गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, आणि दोन हजार जन्माची नोंद होऊन बाळाच्या लसींचा पहिला फेरा पुरा झाल्यावर. हा फेरा चौदाव्या आठवड्यात पुरा होतो. बाळंतीण सव्वा महिन्याने बाजेवरून उठते, आणि तिच्या बाजेखालची शेगडी विझून दोन महिने लोटल्यावर निखाऱ्यांचे पैसे निघतात. (शेगडीचा उल्लेख अलंकारिक समजावा. बंद खोलीत धूर नको आणि बाळाच्या कानानाकात तेल नको, असे डॉक्टरीणबाईंनी बजावल्यामुळे शेगडी माळ्यावर गेली. अळिवावर त्यांचा आक्षेप नाही.)

हक्काच्या रजेचे म्हणावे, तर त्याचा इतिहास याच मुलखातला आणि अभिमानास्पद आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने वाहावा, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा कायदा झाला. 1961 साली तो विचार साऱ्या देशाच्या कायद्यात आला, आणि 2017 च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. 1961 च्या कायद्याचे दुसरेच कलम मी कुतूहलाने वाचू लागलो, तो कारखाने, खाणी व मळे यांच्या जोडीला घोडेस्वारीचे आणि कसरतीचे खेळ करणाऱ्या मंडळ्यांचा त्यात खास उल्लेख आढळला. दुकाने आणि कचेऱ्या यांच्याकरिता मात्र किमान दहा माणसांची अट. माझी मुलगी ज्या कचेरीत हिशेब लिहिते, तेथे तिला धरून माणसे सात. तीन माणसांच्या तुटीमुळे तिची सव्वीस आठवड्यांची रजा बुडाली. तिला लहानपणी सर्कशीत घातले असते तर त्या कायद्याने ती पगारी रजेवर असती.

अखेर शेजारच्या आळीतील एका मावशी मिळाल्या. संस्थेच्या चौथाई दरात मालिश, आंघोळ आणि वर दोन शहाणपणाच्या गोष्टी देण्याचे त्यांनी कबूल केले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण विनाकारण रडेल, तेव्हा तिला ‘रडू नकोस’ म्हणायचे नाही, जवळ बसायचे, आणि पंधरा दिवसांनीही रडायची थांबली नाही तर लाज न धरता डॉक्टरला दाखवायचे, ही त्यांतली एक. ती पॅकेजात नव्हती. बोलता बोलता मी सहज विचारले, ‘तुमच्या बाळंतपणात तुमचे कोणी केले?’ तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, ‘माजं कुठलं करतंय, काका? बाराव्या दिशी दुसऱ्याच्या बाळंतिणीला न्हाऊ घालाया गेले.’ दहा माणसांच्या अटीवर हसण्याची माझी हौस तेथे संपली. मावशींच्या कामावर माणूस एकच.

देवी, एका बाबतीत आपल्या खात्याला प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे, हे आपल्या कानावर घालणे मी व्यवसायबंधू या नात्याने कर्तव्य समजतो. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची काळजी त्यांच्या घरी जाऊन घेण्याची रीत घालून दिली; तिच्यामुळे बालमृत्यू किती घटले, याचा अहवाल 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे तीच रीत देशभर आशाताईंकडे सोपवण्यात आली. इस्पितळात प्रसूती झालेल्या बाईकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. म्हणजे आपली एक खेप, तिच्या सहा. आपण लिहून जाता. ती वजन करते, ताप पाहते, आईला रक्तस्राव किती होतो ते विचारते, आणि काही वावगे दिसले तर आपण लिहिलेले खोडून टाकण्यासाठी मायलेकरांना इस्पितळात घेऊन जाते. या सहा फेऱ्यांचे मानधन अडीचशे रुपये ठरवण्यात आले. आपल्याला निदान दिवा आणि नैवेद्य मिळतो.

तेव्हा दरखास्त एवढीच, की मुलीचे दिवस भरत आले आहेत. येत्या पाचवीस आपण येणारच आहात. बाळाचे जे लिहायचे ते खुशाल लिहावे, त्यात मी शिफारस करीत नाही. परंतु पाटावर या वेळी कागद दोन ठेवीन, दुसऱ्याच्या माथ्यावर मुलीचे नाव मीच घालून ठेवीन, आणि त्याखाली ‘दिवस 1 ते 42’ असे रकाने आखून ठेवीन. रात्रपाळी मी स्वतः पत्करली आहे. दुपटे बदलण्याचा सराव एका उशीवर चालू आहे. उरलेले रकाने भरण्याची कृपा व्हावी.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
एक निवृत्त अव्वल कारकून

ता. क. – मावशींची सून पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे, आणि त्या दिवसांत मावशी आमच्या घरी कामावर असणार आहेत. तिसरा कागद तिच्या नावाने ठेवतो आहे. तिच्या सव्वा महिन्यापुरती मावशींना पगारी रजा दिल्याचे मी त्यावर लिहून सही केली आहे. वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहिलेली नाही.