विंचवाचं बिऱ्हाड

"गाडी कशी चाललीय?" असं विचारलं की सोलापूरचा माणूस आधी मायलेज सांगतो. आमच्या गल्लीतले विंचूमालक सांगतात, "पार्ट यायलाय, सर."

हे मी चार वर्षं ऐकतोय. मधूनमधून पार्ट येतातही. पण एक येईतो दुसऱ्याची निकड निघते, त्यामुळं वाक्य बदलायची वेळ येत नाही.

मालक आमच्याकडं कुणालाही म्हणतात. चहावाल्याचे तीस रुपये बुडवलेलासुद्धा मालकच. विंचू मात्र ह्यांनी रोख मोजून घरात आणला. गाडीच्या नाकावर विंचू, चाकांच्या मधोमध विंचू. अबार्थ पुंटो! २०१५च्या ऑक्टोबरात फियाटनं ती काढली तेव्हा किंमत दहा लाखांच्या आत, इंजिन १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल, ताकद १४५ घोड्यांची. विंचू का, तर अबार्थ कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थ ह्या गृहस्थांची रास वृश्चिक. (मालकांची मेष. आधी पत्रिका बघायला हवी होती, असं त्यांच्या आई म्हणतात.)

गाडी जन्मली आपल्याच रांजणगावात, इथून चारेक तासांवर. पण मुळात घेणारे थोडे, आणि २०१९मध्ये फियाटनं इथली विक्रीच थांबवली. तेव्हापासून मालकांच्या बोलण्यात वारसाहक्काचा सूर आला. "फियाट का?" असं चुकून कुणी विचारलं तर उत्तर १८८२पासून सुरू होतं. त्या साली वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं पिढ्यान्‌पिढ्या फियाटी निघाल्या. "म्हणजे फियाट आपली गाववालीच की, सर!" ह्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. गावात वालचंदांच्या नावाचं कॉलेज आहे, नाही कसं म्हणणार?

त्यांचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. फियाटचंच १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये गेलं, डिझायरमध्ये गेलं, इंडिका व्हिस्टात गेलं. त्याचा पार्ट सातरस्त्यावर उभं राहून नुसता हात केला तरी मिळेल. एकाच घरातलं एक पोरगं गावोगाव सोयरिका जोडून बसलंय, आणि मालकांच्या वाट्याला आलेलं हे दुसरं बिनलग्नाचं! शेजारच्या स्विफ्टवाल्यानं सर्व्हिसिंगचा खर्च सांगितला की मालक मान फिरवतात.

एका जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर, उंदरानं टर्बोचा रबरी पाइप कुरतडला. हवा गळायला लागली आणि १४५ घोड्यांची शिंगरं झाली. मालकांचे वडील, अप्पा, ह्यांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. मागाचं काही मोडलं की अप्पा तो तुकडा सकाळी रुमालात बांधून लेथवाल्याकडं नेतात. संध्याकाळी माग सुरू. त्यांनी पाइप हातात घेऊन दाबून बघितला.

"एवढंच व्हय? ट्रॅक्टरचा बसतोय की."

"अप्पा, इथं दाब असतोय!"

"मग दोन क्लिपा लाव."

मालक दोन दिवस धड जेवले नाहीत. मग फोन सुरू झाले. दिल्लीचं कश्मीरी गेट झालं, पुण्याची नाना पेठ झाली, कुठला तरी विंचूवाला कोइम्बतूरला निघाला, त्याच्याशी तासभर मोडक्या हिंदीत गळाभेट झाली. अठराव्या दिवशी, पहाटे साडेपाचला, ट्रॅव्हल्सच्या पोटातून खोकं उतरलं. मालकांनी पाइप बाहेर काढला आणि बाळाच्या टाळूचा घ्यावा तसा त्याचा वास घेतला.

दरम्यान गाडी अठरा दिवस ट्रॅक्टरच्या पाइपावर बाजारहाट करत होती. अजूनही त्याच्यावरच आहे. नवा पाइप टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवलाय.

"ओरिजिनल आहे, सर. जपायला पाहिजे."

ती डिकी एकदा बघण्यासारखी आहे. कारखान्यातले डागी टॉवेल, आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी: चार स्पार्क प्लग, दोन इग्निशन कॉइल, ऑइल फिल्टर, टायमिंगचा पट्टा. शिवाय पोलादी पिनांची एक जोडी. ह्या इंजिनाचा पट्टा नुसत्या खुणा बघून बसवायची सोय नाही. दोन्ही कॅमशाफ्ट पिनांनी जागच्या जागी अडकवायचे, मग पट्टा चढवायचा. चुकलं तर वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या अंगावर येतात. आमच्या मिस्त्रीकडं त्या पिना नव्हत्या, म्हणून मालकांनी स्वतःच्या घेतल्या. खंडेनवमीला कारखान्यात मागांची पूजा होते, घरी ह्या पिनांची. प्रवासाची बॅग मात्र वहिनींनी मांडीवर घ्यायची.

वहिनींना टर्बोची शिस्तही पाठ आहे. जोरात आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. तापलेल्या टर्बोतलं तेल जळतं, म्हणून मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. एका लग्नात दारात अक्षता पडत होत्या आणि हे दोघं काचा वर करून आत बसलेले. आम्हाला वाटलं, भांडण झालं. वहिनी साठ मोजत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी निर्णय घेतला: पार्टसाठी अख्खी गाडीच आणायची. लिनिया टी-जेट, इंजिन त्याच घराण्यातलं, मागून ठोकलेली, सांगलीकडची. टेम्पोवरून उतरली तेव्हा मिस्त्री पाने घेऊन तयार होता. "खोलायच्या आधी एकदा ऐकू तरी," असं म्हणत मालकांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली! आवाज असा, की मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

अप्पा बाजेवरून म्हणाले, "आता हिच्या पार्टला कुठली आणणार बे?"

मालक काही बोलले नाहीत. काल संध्याकाळी माझ्याकडं आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच विचारलं, "सर, तुमचं पार्किंग रिकामंच असतंय न्हवं?"