वाया गेलेला उंदीर

मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक, मुरुमांवरही देतात. एएलएस हा हातापायांची ताकद हळूहळू काढून घेणारा आणि शेवटी श्वास थांबवणारा आजार. स्टीफन हॉकिंग यांना झालेला तो हाच. हा आजार मुद्दाम निर्माण केलेल्या उंदरांना मिनोसायक्लिन दिलं तर ते जास्त दिवस जगतात, असं 2002च्या सुमारास एकाहून अधिक प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केलं. मग अमेरिकेत 412 रुग्णांवर चाचणी झाली. 2007 साली निकाल आला. मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक वेगानं ढासळली होती.

पुढच्याच वर्षी याच आजारावर काम करणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेनं आपला पाच वर्षांचा हिशेब मांडला. 70हून अधिक औषधं तपासली, सुमारे 18,000 उंदीर लागले. इतरांनी गुणकारी म्हणून छापलेली औषधंही त्यांनी पुन्हा, पण नीट आखणी करून तपासली. एकाचाही ठोस उपयोग दिसला नाही. आधीच्यांनी खोटं लिहिलं होतं, असं नाही. त्यांचे गट लहान होते. या जातीतल्या माद्या नरांपेक्षा जास्त जगतात. एका गटात माद्या जास्त आल्या की औषध ‘लागू पडतं’. काही उंदरांमध्ये आजार आणणारं जनुकच क्षीण झालेलं असतं, ते आपोआप जास्त जगतात. दुसऱ्याच कारणानं मेलेले उंदीर हिशेबात धरले गेले की आकडे आणखी बिघडतात. एका गटात किमान 24 उंदीर घ्या, नर-माद्या सारख्या ठेवा, एकाच वेतातली भावंडं दोन्ही गटांत वाटा, असं या संस्थेनं सांगितलं.

मला या गोष्टीत दोन बळी दिसतात. रुग्ण हा दुसरा. पहिला बळी उंदराचा, कारण त्याच्या मरणातून कोणालाच काही कळलं नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा नैतिक प्रश्न आपण पिंजऱ्याचा आकार, भूल दिली की नाही, शेवट वेदनेविना झाला की नाही, इथपर्यंतच नेतो. हे सगळं आवश्यकच आहे. पण प्रयोगाची आखणीच कच्ची असेल, तर मऊ बिछाना आणि स्वच्छ पाणी देऊनही तो प्राणी फुकट मारलेलाच असतो. संशोधनाची पद्धत हा संख्याशास्त्राच्या तासाला उरकायचा विषय नव्हे. तो दयेचा विषय आहे.

2009 साली ब्रिटनमध्ये प्राण्यांवरचे 271 शोधनिबंध तपासले गेले. त्यांतल्या 87 टक्के निबंधांत प्राणी चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगानं गटांत वाटल्याची नोंद नव्हती. कोणत्या प्राण्याला औषध दिलंय हे मोजणाऱ्यापासून लपवल्याचा उल्लेख 86 टक्के निबंधांत नव्हता. वाचणाऱ्याला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. पण पिंजऱ्यात हात घातला की जो उंदीर आधी सापडतो तो बहुधा सुस्त किंवा माणसाळलेला असतो. पहिले सहा एका गटात आणि उरलेले चपळ दुसऱ्या गटात टाकले, तर औषधाची परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल वाकलेला असतो.

सहा हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांत एम.फार्म.चा प्रबंध उघडा. एखाद्या वनस्पतीचा अर्क, समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजिनान टोचून सुजवलेला उंदराचा पंजा, आणि ‘प्रत्येक गटात सहा’. सहाच का, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच मिळतं: आधीच्या पेपरात सहा होते. त्या पेपरानं त्याच्या आधीच्या पेपरातून घेतलेले. औषधाचा परिणाम किती मोठा अपेक्षित आहे, प्राण्याप्राण्यांत फरक किती असतो, यावरून संख्या काढायची असते. ती वारशानं घ्यायची नसते. विद्यार्थ्याचा यात दोष नाही. त्याला दोन वर्षांत पदवी हवी असते, आणि हे गणित त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. दोष मार्गदर्शकाचा आहे, आणि सही करणाऱ्या समितीचा.

कारण समितीकडे हत्यार आहे. आपल्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते. तिच्याकडे येणाऱ्या फॉर्म बी या अर्जात प्राण्यांची संख्या इतकीच का, असा प्रयोग आधी झाला आहे का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. समितीवर जीवशास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक जाण असलेला सदस्यही असतो. संख्याशास्त्रज्ञ असलाच पाहिजे अशी अट मात्र नाही. म्हणजे संख्येचं समर्थन मागायचं, पण ते तपासणारा माणूस बसवायचा नाही. ही त्रुटी नियमात आहे आणि ती एका दुरुस्तीनं मिटू शकते. कायद्याची अवस्था तर लाजिरवाणी आहे: प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा आदेश मोडला तर 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये.

प्राणी कमीत कमी वापरा, हे रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 सालीच सांगितलं. त्याचा अर्थ प्रत्येक प्रयोगात आकडा घटवत न्या असा घेणं चूक आहे. निष्कर्षच न देणारे सहा उंदीर हे निष्कर्ष देणाऱ्या चोवीसांपेक्षा जास्त क्रूर आहेत, कारण त्या सहांनंतर आणखी सहा येतात, मग आणखी सहा. आणि कधी थोडे प्राणीही खरोखर पुरतात. कोविडवरच्या कोव्हॅक्सिन लसीची माकडांवरची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं 20 माकडांवर केली, पाच-पाचांच्या चार गटांत. विषाणू दिल्यावर लस न दिलेल्या गटात न्यूमोनिया दिसला, लस दिलेल्या तीन गटांत दिसला नाही. फरक इतका ठळक असेल तर पाच पुरतात. ही माकडं रानातून पकडून आणलेली होती, हे मला आजही सलतं. पण त्यांच्यापासून मिळालेलं ज्ञान वाया गेलं नाही.

माणसांवरच्या चाचण्यांची आगाऊ नोंद आपल्याकडे 2009पासून सक्तीची आहे. त्यामुळे निकाल आवडला नाही म्हणून चाचणी गुपचूप गाडून टाकणं अवघड झालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांनाही हीच सक्ती हवी. एका महाविद्यालयात फसलेला अर्क दुसऱ्या महाविद्यालयाला कळलाच नाही, तर तिथेही तेच पंजे पुन्हा सुजवले जाणार. दहा महाविद्यालयांनी दहा दुबळे प्रयोग करण्यापेक्षा तिघांनी मिळून एक भक्कम प्रयोग करावा, आणि विद्यापीठानं त्याला प्रबंध म्हणून मान्यता द्यावी. हे आजच्या नियमांतही जमण्यासारखं आहे.

आणि समितीवरच्या त्या विज्ञानाबाहेरच्या सदस्याला माझी विनंती. तुम्ही शिक्षक असाल, वकील असाल, गावातले कार्यकर्ते असाल. बैठकीत मोठमोठी नावं ऐकून गप्प बसू नका. प्राणी गटांत कोण वाटणार, कसे वाटणार, आणि सूज मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे ठाऊक असणार का, एवढं विचारा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.