आपल्यात कुठं तुझं-माझं?

मानपानाचा हिशेब तोंडपाठ असलेली माणसं जमिनीचा विषय निघाला, की एकदम संत होतात : ‘नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?’ चांद्यापासून थेट बांद्यापर्यंत हे संतपण सारखंच. चिखलात लावणीला ती, सातबाऱ्यावर तो. तिचं नाव आठवतं ते महिलेच्या नावे घर घेतल्यावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो तेव्हा.

सरकारनं १९९२ मध्ये ‘लक्ष्मी मुक्ती’ आणली. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज करायचा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. बंगल्याला ‘लक्ष्मी’ नाव देणाऱ्यांना त्या अर्जाचा मुहूर्त मात्र तीस वर्षांत सापडला नाही. शेजारी गोव्यात, पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. जमीन विकायची तर बायकोचीही सही लागते. तिथले संसार त्यापायी बुडाले नाहीत.

तेव्हा मंडळी, सात जन्मांची हमी बिनधास्त देता, तर सातबाऱ्यावरच्या एका ओळीला एवढं कशाला घाबरता?