एक किलोवॅटचे संस्थान

मोठ्या राज्यांच्या बखरी लिहिण्यास भाट मिळतात, त्यांना इनामे मिळतात आणि पुढे त्या बखरींवर प्रबंध लिहून विद्वानांना पदव्याही मिळतात. परंतु ज्या संस्थानाची सरहद्द त्याच्याच मनोऱ्यावर चढले असता नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्याची हकीगत लिहून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. आपल्या दूरदर्शनच्या इतिहासाचे नेमके असेच झाले आहे. आशियाई खेळ, रंगीत चित्र आणि रविवार सकाळचे रामायण यांचे गोडवे गाऊन झाले की ग्रंथ समाप्त होतो, आणि लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र या भारदस्त नावाच्या ज्या शंभर-शंभर वॅटच्या जहागिऱ्या तालुक्यातालुक्यांतून वसवल्या गेल्या, त्यांच्या वाट्यास तळटीपसुद्धा येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मोठ्या दरबारात जाणेयेणे नसल्यामुळे ही कामगिरी त्याने आपण होऊन अंगावर घेतली आहे.

वास्तविक या घराण्याचा मूळपुरुषच अल्पशक्ती होता. 15 सप्टेंबर 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते दिल्लीत जे केंद्र सुरू झाले त्याची शक्ती अवघी 500 वॅट, म्हणजे आजच्या एखाद्या सुखवस्तू स्वयंपाकघरातील मिक्सरइतकी. आणि कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस. पण पुरुष एकदा थोर झाला की त्याच्या बालपणीच्या फाटक्या सदऱ्याचा उल्लेख करणे शिष्टसंमत नसते. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे केंद्र आले, आणि पुढच्याच वर्षी पुणेकरांसाठी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला. ज्या गडावर मुलुखाच्या मालकीचा निकाल तलवारीने लागला, त्याच गडाला मुंबई जे बोलेल तेच जसेच्या तसे पुढे बोलण्याची चाकरी मिळाली. आणि पुणेकरांनी, ज्यांना दुसऱ्याचे म्हणणे दुरुस्त केल्यावाचून पुढे पाठवण्याची सवय नाही, ती निमूटपणे मान्य केली, हीही इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट होय.

खरा सुकाळ झाला तो 1984 साली. आदल्या ऑगस्टात इन्सॅट-1बी अंतराळात गेला होता, तेव्हा दिल्लीचे शब्द झेलण्यास जमिनीवर तबकड्या हव्या होत्या. सरकारने मनावर घेतले, आणि जे सरकार एका पाणंदीच्या दुरुस्तीस तीन पावसाळे घेते त्याने काही महिने दिवसास एक या वेगाने प्रक्षेपक उभारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेच्या निवडणुका होत्या, हा निव्वळ पंचांगाचा योगायोग समजावा. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी उद्घाटनाच्या फिती कापल्या, हारतुरे झाले, ‘आपल्या गावाचे दूरदर्शन केंद्र’ असे शब्द भाषणातून निघाले, आणि ‘आपल्या’ या विशेषणास कोणी आक्षेप घेतला नाही.

आता हे केंद्र म्हणजे काय, ते जवळून पाहू. गावाबाहेरच्या माळावर दोनतीन खोल्या, अंगणात आभाळाकडे तोंड केलेली तबकडी, तिच्याशेजारी मनोरा, मागे वीज गेली असता धडधडणारे डिझेलचे जनित्र, आत कपाटाएवढे यंत्र, आणि त्या यंत्रासमोर खुर्चीवर बसलेला एक इसम, ज्याच्या दिमतीस एक नोंदवही. नोंदवहीत त्याने लिहावयाचे एवढेच, की प्रक्षेपण किती वाजता सुरू झाले, किती वाजता बंद झाले आणि मध्ये काय बिघडले. या वास्तूत कॅमेरा नाही, ध्वनिक्षेपक नाही, बोलण्यास माणूस नाही. आकाशातून जे उतरले ते पंधरावीस किलोमीटरांच्या परिघात शिंपडावे, हीच त्याची सनद आणि हीच हद्द. ज्वारीवर पडलेल्या चिकट्याने हैराण झालेला शेतकरी सायंकाळी संचापुढे बसे, आणि मुंबईशी जोड नसलेल्या गावी त्यास ‘आमची माती आमची माणसं’ऐवजी दिल्लीकडच्या गव्हाचा सल्ला मिळे; तो अत्यंत शास्त्रशुद्ध असे, फक्त दुसऱ्याच्या शेतासाठी असे.

तथापि या केंद्राने स्वतःचे असे काहीच निर्माण केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने मुंग्या निर्माण केल्या. ऐन क्रिकेटच्या शेवटच्या षटकात किंवा ‘हम लोग’ रंगात आले असता माळावरच्या केंद्राची वीज जाई, जनित्र खोकून खोकून थांबे, आणि घरोघरच्या पडद्यांवर काळ्यापांढऱ्या मुंग्यांचे वारूळ फुटे. दिल्लीकडून व्यत्यय आला तर निदान ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी तरी येत असे; आमच्या माळावर झालेल्या व्यत्ययाचा खेद व्यक्त करण्याचा अधिकारही आमच्या केंद्राकडे नव्हता. मुंग्या हा एकच कार्यक्रम अस्सल स्थानिक, आणि त्यास प्रेक्षकांचा प्रतिसादही सर्वांत तात्काळ मिळे: अर्धे गाव छपरावर चढून अँटेना फिरवू लागे.

लहान यंत्राने तोंड उघडूच नये, असा निसर्गनियम आहे काय? तसे नाही, त्यास एक सणसणीत अपवाद होऊन गेला, आणि तो शेजारच्या गुजरातेत, खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या पिज गावी. 1975 साली अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभराच्या उसनवारीवर आला असता सहा राज्यांतील 2400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा जो प्रयोग झाला, ज्याच्या कारभारात कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता, त्याच सुमारास इस्रोच्या अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी पिजला एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभा केला. वर्ष सरताच पाहुणा उपग्रह हलवण्यात आला, सहाही राज्ये पुन्हा अंधारात गेली. पिज मात्र चालूच राहिले, कारण त्याचे बोलणे आभाळातून उसने आलेले नव्हते.

आणि हे संस्थान बोलत काय होते? सामुदायिक संच खेडोपाडी दूध संस्थांसारख्या सार्वजनिक जागी ठेवलेले. सायंकाळी दूध घालण्यास आलेला माणूस तिथेच रेंगाळे. त्या पडद्यावर दिल्लीचा मंत्री दिसण्याऐवजी चरोतरच्या बोलीत बोलणारी, त्याच जिल्ह्यातली माणसे दिसत. निर्माते कॅमेरा घेऊन गावात जात, गावकऱ्यांनाच नाटिकांत उभे करत, आणि प्रसारणानंतर समाजशास्त्रज्ञ पुन्हा त्याच गावी जाऊन, पाहिलेले कितपत पटले, याची विचारपूस करत. ज्या देशात प्रेक्षकाला विचारणे हा प्रशासकीय शिस्तीचा भंग समजला जातो, तेथे हा शुद्ध आगाऊपणा म्हणावयाचा. विषयही तसेच बेअदब: शेतमजुराचे किमान वेतन, अस्पृश्यता, दारू, पंचायतीचा कारभार. राष्ट्रीय स्तरावर अस्पृश्यतेचा धिक्कार करणे सोपे, कारण राष्ट्रात कोणाचीच विहीर नसते. परंतु एक किलोवॅटच्या हद्दीत धिक्कार झाला की विहीर कोणाची ते संचासमोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते, आणि पुष्कळदा विहिरीचा मालकही तिथेच, पुढच्या रांगेत बसलेला असतो. मजुरीचा सरकारी दर जाहीर कार्यक्रमात ऐकलेला मजूर आणि तो दर न देणारा खातेदार एकाच ओसरीवरून उठून घरी जात आहेत, ही कल्पना दिल्लीच्या कोणत्याही संहितालेखकास सुचली नसती, आणि सुचली असती तरी मंजूर झाली नसती.

1984 साली युनेस्कोने ग्रामीण संपर्काच्या कार्याबद्दल या प्रकल्पास पारितोषिक दिले. आमच्या प्रशासनास परकीयांची शाबासकी म्हणजे काम पुरे झाल्याची पावती वाटते. 1985 साली पिजचे केंद्र बंद करण्याचे ठरले. मोठे प्रक्षेपक आले, राष्ट्रीय कार्यक्रम आला, तेव्हा त्याच मुलुखात दुसरी लहान द्वाही कशास, हा युक्तिवाद हिशेबनिसाच्या दृष्टीने बिनतोड होता. गावकऱ्यांनी विरोध केला. ज्या खेडा जिल्ह्याने 1918 साली सारामाफीसाठी गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, त्याने काही काळाने एका प्रक्षेपकासाठीही आवाज उठवावा, यात नवल ते काय. नवल एवढेच, की इंग्रज सरकारने काही अंशी तरी माघार घेतली होती.

इकडे महाराष्ट्रातील आमच्या जहागिऱ्या मात्र सुखरूप राहिल्या, कारण ज्याने कधी तोंड उघडलेच नाही त्याचे तोंड बंद करण्याचे कारण उद्भवत नाही. पुढे केबलवाला आला. व्हिडिओ यंत्र, तारांचे भेंडोळे आणि भाड्याचा गाळा एवढ्या भांडवलावर त्याने सरकारला पंचवीस वर्षांत न साधलेले स्थानिक दूरदर्शन एका महिन्यात उभे केले, आणि 1995 साली कायदा होईतो त्यास कोणी परवाना विचारलाही नाही. गणपतीची मिरवणूक, नगरपालिकेची सभा, अमक्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, तमक्यांचे दुःखद निधन आणि सोन्याच्या दुकानाचे उद्घाटन, असा त्याचा दैनंदिन क्रम. सभेत नगरसेवकांनी एकमेकांवर खुर्च्या उचलल्या तर तीही मिरवणुकीच्याच भक्तिभावाने दाखवली जाई. मात्र सभेत मंजूर झालेला ठेका नगरसेवकाच्या मेहुण्यास का मिळाला, हा प्रश्न वाढदिवसाची जाहिरात आटोपेपर्यंत वेळेअभावी राहून जाई.

2021 च्या ऑक्टोबरपासून प्रसार भारतीने उरलेसुरले जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. सामरिक महत्त्वाचे सुमारे पन्नास तेवढे वाचले. आमच्या माळावरच्या खोल्यांस कुलूप लागले तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही, घरोघरच्या छपरांवर केव्हाच खाजगी तबकड्या बसल्या होत्या. आणि नोंदवहीवाल्या इसमाची बदली झाली, ती शासकीय शिरस्त्यास धरून, अशा शहरी की जेथे त्याची मुले शाळेस लावण्यास पुन्हा प्रवेशअर्ज भरावे लागले.

पिजचे मात्र अजून बरे चालले आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात त्यास कायमचे स्थान मिळाले असून, दरसाल विद्यार्थी त्याचे महत्त्व पाठ करतात, लोकसहभागाचे त्यातले मुद्दे क्रमवार मांडतात, गुण मिळवतात आणि उत्तीर्ण होऊन ज्या वाहिनीत नोकरीस लागतात तेथे खेड्यापाड्याची बातमी पडद्याच्या तळाशी पट्टीवर धावत असते. आणि ती धड वाचून होण्याआधी मुंबईहून जाहिरात सुरू होते.