मूळचे कुठले?

दारात नवा माणूस आला की हॅमकाका चहाआधी विचारतात, "मूळचे कुठले?" आडनाव, तालुका, आजोळ एवढं निघाल्याशिवाय कपबशी पुढे सरकत नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरलाही हाच नियम. पाहुणा फार तर थापा मारतो. ट्रान्सफॉर्मर झटका मारतो.

असे हॅमकाका शहरागणिक एखाद-दुसरे असतातच. सरकारी परीक्षा देऊन हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, 'व्हीयू२'ने सुरू होणारा कॉलसाइन मिळवलेला, बाजारात तयार सेट मिळत असताना वॉल्व्हचा ट्रान्समीटर घरीच बांधायचा हट्ट, आणि बुधवार-रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात हजेरी. परवा तिथे त्यांनी तीन किलोचा एक गंजका, बेनाव ठोकळा उचलला.

"काका, साडेतीनशे."

"यात काय आहे माहितीये का तुला?"

"तांबं आहे."

उत्तर बिनतोड होतं. काकांनी पैसे दिले.

"अहो, ते जेवणाच्या टेबलावरून उचला आधी," काकू म्हणाल्या.

"अगं, दोन प्रश्न विचारतो फक्त."

वायरी नऊ. अमेरिकन पद्धतीत काळी प्रायमरीची, लाल हाय टेन्शनची, पिवळी-हिरवी फिलामेंटची. पण इथे वयोमानाने सगळ्या एकजात तपकिरी झालेल्या. काकांनी मीटर ओहमवर लावला. नऊ वायरींचे चार गट पडले. एकात १४ ओहम. ही प्रायमरी असावी. दोन गट एका ओहमच्याही आत, म्हणजे जाड तारेची फिलामेंट वाइंडिंगं. चौथ्यात तीन वायरी: मधलीपासून एका टोकाला ८२ ओहम, दुसऱ्याला ९१. नवशिक्याने बिघाड म्हणून कपाळ धरलं असतं. काका खूश! "बाहेरच्या वेढ्यांना घेर मोठा, म्हणून तार जास्त लागते," हे त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून समजावलं.

आता थेट २३० व्होल्ट? छे! अनोळखी पाहुण्याला कोणी देवघरात नेतं का? प्रायमरीला आधी एका ओळखीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी दिले. तीन वायरींच्या गटात टोकापासून टोकापर्यंत ३६.५ व्होल्ट आले, उरलेल्या दोघांत ०.२६ आणि ०.३३. २३० भागिले १२ म्हणजे साधारण १९ पट. काकांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर गुणाकार केला. टोकापासून टोकापर्यंत साधारण ७००, म्हणजे मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे.

"साडेतीनशे-शून्य-साडेतीनशे!" रात्री पावणेअकराला आरोळी गेली. शेजाऱ्यांना वाटलं, मॅच संपली.

उरलेले आकडे ५ आणि ६.३ आले. "हे त्याचं आडनाव," काका म्हणाले. रेक्टिफायर वॉल्व्हला ५ आणि बाकीच्या वॉल्व्हना ६.३ व्होल्ट हे जुन्या सेटांतलं नेहमीचं जोडपं. तिथे १० आणि १२.६ आले असते, तर गडी मूळचा अमेरिकेकडचा, ११५ व्होल्टवर वाढलेला. आपल्या २३०वर त्याचा धूर निघाला असता.

मग प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब. तो भगभगीत पेटून राहिला की आत वेढे शॉर्ट आहेत, हे समजावं. बल्ब क्षणभर चमकला आणि विझल्यासारखा झाला. काकांचा एक हात मात्र पूर्ण वेळ खिशात. ७०० व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

शेवटी चिकटपट्टीवर आकडे लिहून ठोकळा कपाटात गेला. तिथे असे सतरा आहेत. सतराही जणांचं मूळ गाव ठाऊक झालंय. ट्रान्समीटर तेवढा व्हायचाय.

तुमच्या माळ्यावर आजोबांचा वॉल्व्हचा रेडिओ असेल आणि तो भंगारात द्यायचाच असेल, तर एक करा. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी बुडाशी कापू नका. वीतभर ठेवा, आणि तो कशातून काढला ते एका चिठ्ठीवर लिहून बांधा. कुठल्या तरी काकूंचं जेवणाचं टेबल एका रात्रीपुरतं मोकळं राहील.