रेल्वे कंपन्यांचं लग्न लागल्यावर नाव काय ठेवावं?

तुमच्या मालकीची एक रेल्वे कंपनी आहे, शेजारची दुसरी तुम्ही नुकतीच विकत घेतली आहे आणि आता दोघींचं मिळून नाव काय लावायचं यावर संचालक मंडळात तिसऱ्यांदा चहा फिरतो आहे, असं गृहीत धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. ज्यांच्याकडे रेल्वे नाही त्यांनीही वाचावी. अमेरिकेत ज्यांच्याकडे रेल्वे होत्या त्यांनी नावं ज्या तऱ्हेने ठेवली ती पाहता, अनुभवाची अट घालण्यात अर्थ नाही.

उदाहरणं अमेरिकेचीच का, तर तिथे मालगाड्यांचा धंदा खाजगी आहे. लहान कंपनी मोठीच्या पोटात, मोठी तिच्याहून मोठीच्या पोटात, असं दीडशेहून अधिक वर्षं चाललं आहे. अमेरिका आणि कॅनडा मिळून आज पहिल्या श्रेणीच्या मालवाहू कंपन्या उरल्या आहेत सहा. बाकीच्या गेल्या, पण जाताना कुणी एक अक्षर मागे ठेवलं, कुणी दिशा, कुणी नुसतंच एक शहर. आपल्याला शिकायचं आहे ते हे उरलंसुरलं वापरण्याचं शास्त्र.

प्रथम स्वतःच्या नावातली गावं तपासून घ्या. नावात गाव असणं आणि गाडी त्या गावाला जाणं यांचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. कंपनी काढताना भांडवल उभं करायचं असतं आणि चार पडीक गावांच्या नावावर कर्जरोखे खपत नाहीत. म्हणून शेवटी ‘अँड पॅसिफिक’ असं जोडायचं आणि समुद्राचं पुढे बघायचं. शिकागो, रॉक आयलंड अँड पॅसिफिक या कंपनीने जन्मभर नावात महासागर वागवला. तिच्या रुळांनी रॉकी पर्वतही ओलांडला नाही. सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेला सगळे लाडाने ‘फ्रिस्को’ म्हणत, पण सॅन फ्रान्सिस्कोला तिचं इंजिन कधी पोचलं नाही. ‘न्यू यॉर्क, शिकागो अँड सेंट लुईस’ बफेलोला थांबत असे. बफेलो न्यू यॉर्क राज्यात आहे, तेव्हा वकिलाच्या भाषेत तिला खोटं म्हणता येत नाही.

सगळ्यांत पोचलेलं प्रकरण सांता फेचं. पूर्ण नाव अ‍ॅचिसन, टोपीका अँड सांता फे. सायरस हॉलिडे यांनी १८५९ साली कॅन्सासमध्ये ही कंपनी सुरू केली तेव्हा नावात पहिली दोनच गावं होती. सांता फे मागाहून जोडलं गेलं. रूळ टाकत टाकत मंडळी न्यू मेक्सिकोत आली तेव्हा लक्षात आलं, की ज्या शहराचं नाव लावून आपण एवढे आलो ते डोंगरात असं वर बसलं आहे की मुख्य मार्ग तिकडे नेणं परवडणारं नाही. मग मार्ग बाजूने गेला आणि लॅमी नावाच्या ठिकाणाहून सुमारे १८ मैलांचा फाटा काढून १८८० मध्ये सांता फेची समजूत घातली गेली. पुढची शंभरावर वर्षं सारं जग त्या कंपनीला सांता फे म्हणत राहिलं. अ‍ॅचिसन आणि टोपीका, जिथे गाडी खरोखर जायची, ती दोन नावं मात्र मागे पडली.

आता प्रत्यक्ष नामकरण. पहिली पद्धत समसमान वाटणीची: दोघींच्या नावातला एकेक शब्द घ्यायचा. नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न यांचं १९८२ साली जमलं आणि ‘नॉरफोक सदर्न’ हे सुटसुटीत नाव निघालं. अडचण एवढीच, की या नावाची एक छोटी रेल्वे आधीपासूनच होती आणि ती सदर्नच्याच पोटात होती. तिचं नाव बदलून तिला बाजूला केलं आणि मोकळं झालेलं नाव मोठ्यांनी घेतलं. त्याआधी १९६७ साली अटलांटिक कोस्ट लाइन आणि सीबोर्ड एअर लाइन एकत्र आल्या. ‘सीबोर्ड कोस्ट लाइन’ असं ठरलं. एकीचा अटलांटिक बुडाला, दुसरीची हवा गेली. ‘एअर लाइन’ म्हणजे त्या काळी नाकासमोरचा सरळ मार्ग. विमानं उडू लागल्यावर काही गुंतवणूकदारांनी हिला विमान कंपनी समजून शेअर घेतले अशी कथा आहे, आणि शेअर बाजार पाहिलेल्या माणसाला ती खोटी वाटत नाही.

समसमान वाटणीचा धोका पाहायचा तर पेन सेंट्रल पाहावी. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या दोन हाडवैरिणी. दोघींनी एकमेकींचं गिऱ्हाईक पळवण्यात शंभर वर्षं घालवली आणि १ फेब्रुवारी १९६८ रोजी लग्न लावून घेतलं. सुरुवातीचं नाव पेनसिल्व्हेनिया न्यू यॉर्क सेंट्रल ट्रान्सपोर्टेशन कंपनी. त्यात दोघींची माहेरची नावं शाबूत होती आणि ते एका दमात म्हणता येत नव्हतं. काही महिन्यांत त्याचं ‘पेन सेंट्रल’ झालं. बोधचिन्हात ‘पी’ आणि ‘सी’ ही अक्षरं एकमेकींत गुंतवली; रेल्वेवाल्यांनी त्याला ‘जुगणारे किडे’ म्हणायला सुरुवात केली. आत काय चाललं होतं? एकीच्या लोकांना लाल गट म्हणत, दुसरीच्या लोकांना हिरवा गट. दोघींचे संगणक एकमेकांची भाषा जाणत नव्हते. कागद एका यार्डात आणि माल दुसऱ्याच, अशा वाघिणी वाट चुकून भटकत राहिल्या. २१ जून १९७० रोजी कंपनीने दिवाळं जाहीर केलं. तोवरच्या अमेरिकी इतिहासातलं ते सर्वांत मोठं दिवाळं होतं. नावाची चर्चा चालू असताना कुणी संगणकाचा विषय काढला, तर त्याला गप्प करू नये, एवढा बोध मी तुमच्यासाठी काढून ठेवला आहे.

दुसरी पद्धत आद्याक्षरांची. दोन्ही बाजूंचे वकील बसले आणि शब्दांवर एकमत होईना, की अक्षरांवर यावं. चेसी सिस्टिम आणि सीबोर्ड कोस्ट लाइन इंडस्ट्रीज १९८० साली एकत्र आल्या. चेसी हे खरं तर एका झोपलेल्या मांजरीच्या पिल्लाचं नाव. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने आपल्या स्लीपर डब्यांत किती गाढ झोप लागते हे सांगायला १९३३ मध्ये ते जाहिरातीत घेतलं होतं, आणि पुढे या पिल्लाच्या नावावर अख्खी रेल्वे चालली. मांजरीचं नाव ठेवावं तर सीबोर्डवाले रुसणार, सीबोर्डचं ठेवावं तर मांजर. म्हणून ‘सी’ चेसीचा, ‘एस’ सीबोर्डचा आणि ‘एक्स’? एक्स म्हणजे गुणाकाराचं चिन्ह, असा खुलासा कंपनीने केला: एकेकटीने जे साधलं नसतं ते दोघी मिळून कितीतरी पटीने साधणार. एक गुणिले एक म्हणजे एकच, हे त्या बैठकीत कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

शिवाय एक्सचं आणखी एक लचांड निघालं. तिकडे प्रत्येक वाघिणीवर मालकाची दोन ते चार अक्षरांची खूण रंगवावी लागते, आणि खुणेच्या शेवटी ‘एक्स’ असला तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: ही वाघीण रेल्वे कंपनीची नाही, कुणा खाजगी मालकाची आहे. म्हणजे रेल्वेने हौसेने नाव घेतलं आणि नियमानुसार ती रेल्वेच राहिली नाही. मग सीएसएक्सच्या वाघिणींवर ‘ट्रान्सपोर्टेशन’चा ‘टी’ जोडून ‘सीएसएक्सटी’ लिहावं लागलं. आजही लिहितात. तेव्हा अक्षरं पक्की करण्यापूर्वी यार्डातल्या एखाद्या कारकुनाला विचारून घ्यावं. तो फुकट सांगतो.

आद्याक्षरांच्या मार्गावरची सिद्धावस्था बीएनएसएफने गाठली आहे. १९७० साली ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक, शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी आणि त्यांची एक धाकटी भागीदार मिळून बर्लिंग्टन नॉर्दर्न झाली. हे लग्न जेम्स हिल यांनी १९०१ मध्येच घाटलं होतं, पण १९०४ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडलं. दुसरा मुहूर्त मिळायला सहासष्ट वर्षं गेली. १९८० मध्ये तिने फ्रिस्को घेतली, आणि फ्रिस्कोचा नावात मागमूस राहिला नाही. १९९५ मध्ये सांता फे आली. तिचा रुबाब मोठा, म्हणून ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न अँड सांता फे’ असं लांबलचक नाव. दहा वर्षं ते सोसल्यावर २००५ साली कंपनीने अधिकृतपणे ‘बीएनएसएफ रेल्वे’ हे नाव घेतलं. चार अक्षरं सुटी झाली. बीएनएसएफ म्हणजे काय? बीएनएसएफ. ज्या शहराला मुख्य मार्ग गेला नाही त्याचं नाव गेलं आणि त्याची अक्षरं राहिली. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणायची.

तिसरी पद्धत मौनाची, आणि माझ्या मते ती सर्वांत किफायतशीर. युनियन पॅसिफिक ही १८६२ च्या कायद्याने जन्मलेली. तिने मिसुरी पॅसिफिक, वेस्टर्न पॅसिफिक, केटी, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न आणि १९९६ साली खुद्द सदर्न पॅसिफिक गिळली, आणि नावातलं एक अक्षर हलू दिलं नाही. सून कितीही घरंदाज असो, पाटीवर सासऱ्याचंच नाव. २००५ पासून मात्र तिने काही इंजिनं गिळलेल्या कंपन्यांच्या जुन्या रंगांत रंगवून रुळांवर सोडली आहेत. रेल्वेप्रेमी गहिवरतात आणि फाटकांवर कॅमेरे घेऊन उभे राहतात. त्याच सुमारास याच जुन्या नावांसाठी आणि बोधचिन्हांसाठी कंपनीने खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्यांकडे परवान्याचे पैसे मागितले आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. मेलेलं नाव कसं सांभाळावं याचा हा आदर्श समजावा.

याहून चमत्कारिक गोष्ट कॉनरेलची. पेन सेंट्रल आणि ईशान्येकडच्या इतर दिवाळखोर रेल्वे गोळा करून सरकारने १९७६ मध्ये कॉनरेल बांधली, ती सावरली, नफ्यात आली आणि १९९९ साली नॉरफोक सदर्न व सीएसएक्सने वाटून घेतली. कुठली वाघीण कुणाच्या वाट्याला आली हे कसं ओळखायचं? नॉरफोक सदर्नच्या वाट्याच्या गाड्यांवर ‘पीआरआर’ रंगवलं आणि सीएसएक्सच्या वाट्याच्या गाड्यांवर ‘एनवायसी’. म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल! लग्न, दिवाळं, सरकारी दत्तकविधान एवढं सगळं होऊन एकतीस वर्षांनी दोघी पुन्हा आपापल्या माहेरच्या अक्षरांनी रुळांवर आल्या. बरं, वाटून संपलेली कॉनरेल संपलीही नाही. न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाकडे आणि डेट्रॉइटमध्ये दोन्ही मालकांसाठी सामाईक मार्ग चालवायला ती उरली आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींनी फाटकाशी थांबल्यावर जरा वाघिणी वाचून पाहाव्यात.

नाव ठरलं, की इंजिनं रंगवायची घाई होते. इथे सांता फे आणि सदर्न पॅसिफिक यांचं स्मरण करावं. १९८३ मध्ये दोघींच्या मूळ कंपन्या एक झाल्या; रेल्वेंच्या विलीनीकरणाला आंतरराज्य वाणिज्य आयोगाची मंजुरी यायची होती. ती येणारच, या खात्रीवर शेकडो इंजिनं लाल-पिवळी करून टाकली. एकीच्या इंजिनांवर ‘एसपी’ लिहून शेजारी जागा मोकळी ठेवली, दुसरीच्या इंजिनांवर ‘एसएफ’ लिहून त्याच्या शेजारी. मंजुरीची तार आली की उरलेली दोन अक्षरं भरायची. जुलै १९८६ मध्ये आयोगाने नकार दिला. अर्धवट अक्षरांची ती इंजिनं तशीच वर्षानुवर्षं धावत राहिली आणि ‘एसपीएसएफ’चा खरा विस्तार रेल्वेवाल्यांनी शोधून काढला: ‘शुडन्ट पेंट सो फास्ट’, इतक्या घाईने रंगवायला नको होतं.

हे लक्षात असू द्या, की नाव कंपनी ठेवते आणि नावं लोक ठेवतात. डेलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्नची आद्याक्षरं घेऊन प्रवाशांनी ‘डिले, लिंगर अँड वेट’ केलं: उशीर करा, रेंगाळा, थांबून राहा. मिनियापोलिस अँड सेंट लुईसचं ‘मिझरी अँड शॉर्ट लाइफ’ झालं. हाल आणि अल्पायुष्य. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न काटकसरी, म्हणून ‘चीप अँड नथिंग वेस्टेड’. तेव्हा अक्षरं ठरवताना कर्मचाऱ्यांपैकी सगळ्यांत कुचकट माणूस बोलवावा, त्याला पाच मिनिटं द्यावीत आणि तो हसत बाहेर आला तर दुसरी अक्षरं शोधावीत.

आपल्याकडे ही सगळी यातायात सरकारने वाचवली. १९०८ साली दोन कंपन्या मिळून ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली होती. तिच्यात आपलंही नाव होतं. १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली, जीआयपी मध्य रेल्वेत आणि बीबीसीआय पश्चिम रेल्वेत. सगळ्यांचे रुसवे एकदम मिटवायला होकायंत्र पुरलं.

ज्यांना एवढं साधं जमत नाही त्यांनी सीपीकेसी पाहावी. एप्रिल २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सास सिटी सदर्न एक झाल्या आणि कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत एकाच कंपनीचा मार्ग तयार झाला. रेल्वे कधी नव्हे एवढी दक्षिणेला गेली, आणि नेमका त्याच वेळी नावातला ‘सदर्न’ काढून टाकला. ‘कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सास सिटी’ असं नाव लावलं. कॅन्सास सिटी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते मोठं शहर कॅन्सास राज्यात नसून मिसुरीत आहे. ‘पॅसिफिक’ मात्र खरा: व्हँकुव्हरलाही समुद्र आहे आणि मेक्सिकोतल्या लाझारो कार्देनास बंदरातही.

जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न घेण्याचा करार जाहीर केला आहे. पाटीवर सासऱ्याचंच नाव राहील असा माझा अंदाज आहे. पण मंजुरी द्यायची ती सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने. दोन्हीकडच्या रंगकाम विभागांना विनंती, की मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय डब्यांची झाकणं उघडू नयेत.